न मागितलेली रजा

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

फुएन्तेरुबिया
सान मिगेलचा सण, २९ सप्टेंबर

चि. फाद्रिकेस, ताईचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुला एक बहीण आहे याची आठवण मधूनमधून करून द्यावी लागते. गेल्या पत्रात तू लिहिलंस की लवकरच येतो. त्याच्या आधीच्या पत्रातही लवकरच होतं. बाबा रे, तुझं हे 'लवकरच' आता दाढीमिशा फुटून लग्नाला आलं. त्याला एखादी मुलगी बघू का?

इथं सगळं क्षेम आहे. ऑलिव्हला यंदा फळ बरं धरलंय. मेंढरं डोंगरावरून उतरली. तू मात्र माझं अंगण पार बाजार करून टाकलंस. महाराजांच्या गळ्यातला ताईत मद्रिदला भेटत नाही, म्हणून लोक आता त्याच्या बहिणीला भेटायला येतात. सकाळी दार उघडावं तर ही गर्दी! कुणाला मुलासाठी कॅप्टनची जागा हवीय, कुणाला जावयासाठी इंडीजमधली नोकरी, आणि एका बुटक्या गृहस्थाला नुसतंच नावाआधी 'दोन' हा सरदारी किताब लावायची परवानगी हवीय. हातात कोंबड्या, चीज, मधाची मडकी. मी कोंबड्या ठेवून घेते आणि माणसं परतवून लावते. आपला कारभारी क्रिस्पिन म्हणाला, बाईसाहेब, हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, माणसं लबाड असतील, कोंबडीनं काय घोडं मारलंय?

थट्टा पुरे. मठाच्या माता तोमासांनी पुन्हा निरोप पाठवलाय. माझा मठात जायचा दिवस दोनदा ठरला आणि दोनदा मी मोडला. त्या म्हणतात, ब्रियांदाबाई, देव वाट बघतो म्हणून किती बघायला लावायची? आता त्यांना काय सांगू? नवरा गेला, आई गेली, घरात माझ्या वहाणांचा आवाज मलाच ऐकू येतो. मठात जायचं मी मनापासून ठरवलंय, त्यात खोट नाही. पण विधवेला मठात द्यायचं तर घरच्या कर्त्या पुरुषानं हात धरून दारापर्यंत न्यावं लागतं, आणि तिचा हात माता तोमासांच्या हातात द्यावा लागतो. आपल्या आत्याला असंच दिलं, तू बघितलंयस. मला कोण देणार? क्रिस्पिन? की तो 'दोन' व्हायला निघालेला बुटका?

आणि खरं सांगू का? हाताचं निमित्त आहे. एकदा ते दार लागलं की भेटायचं ते जाळीआडून, तेही तोंडावर बुरखा घेऊन. मग तू दिसशील, पण मी तुला कधीच दिसणार नाही. त्याआधी मला तुला एकदा समोरासमोर, पोटभर बघायचंय. एक हिवाळा माझ्यासमोर बैस. भांड, हवं तर. नोव्हेंबरात सान मार्तिनच्या सणाला डुक्कर कापायचंय, त्याला ये.

प्रकृतीला जप. दरबारात उभं राहून राहून पाय सुजत असतील, रात्री मिठाच्या पाण्यात बुडवत जा. ताईवर जीव असू दे, आणि असला तर तो अधूनमधून दिसू दे.

तुझी,
ब्रियांदाताई

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

मद्रिद, राजवाडा
सान लुकास, १८ ऑक्टोबर

ती. श्रीमती ताईस, फाद्रिकेचे कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या दालनाबाहेर दोन बिशप आणि व्हेनिसचा वकील ताटकळत होते. मी त्यांना तसंच बसवून तुझं पत्र दोनदा वाचलं. कोंबडीच्या ओळीला मी इतका मोठ्यानं हसलो की बाहेरच्या बिशपांना वाटलं, त्यांचा अर्ज नामंजूर झाला.

ताई, मला यायचं नाही असं वाटतं का तुला? इथं रोज जेवायला तितर असतो, हरीण असतं, आणि मला आठवतो तो आपल्या स्वयंपाकघरातला लसूण चोळलेला पाव. या दिवसांत घरभर बिहीच्या फळांचा वास सुटला असेल. आई ती फळं कपड्यांच्या पेटीत ठेवायची, आणि हिवाळाभर आपल्या अंगाला तो वास यायचा. इथल्या अत्तरवाल्याला मी तसा वास करायला सांगितलं. त्यानं काहीतरी करून आणलं, ते घोड्याला लावायच्या लायकीचं होतं.

लोक म्हणतात की स्पेन मी चालवतो. मी दिवसभर उभा असतो एवढं मात्र खरं. आपल्या घराण्याला महाराजांसमोर टोपी घालायचा मान आहे, बसायचा नाही. आणि हे सगळं मला कशानं मिळालं, ठाऊक आहे? महाराज युवराज होते तेव्हा बोलताना फार अडखळायचे. एक शब्द तोंडातून यायला वेळ लागायचा. तेवढ्यात बाकीचे सरदार त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे व्हायचे. मी थांबायचो. वाक्य होईपर्यंत गप्प उभा राहायचो. माझं सगळं कर्तृत्व ते एवढंच. त्या पोराला कळलं की हा माणूस थांबतो. आज ते राजे आहेत, बोलणं पुष्कळ सुधारलंय, तरी मी खोलीत नसलो की पुन्हा अडखळतात. मग सगळा दरबार खाली मान घालून हसतो. त्यांना असं टाकून मी डुक्कर कापायला येऊ?

आणि रजा. ताई, ही गोष्ट नीट ऐक. इथं महाराज कुणाला काढत नाहीत. आजवर कुणालाच काढलेलं नाही. माणूस रजा मागतो आणि महाराज ती देतात, अशी रीत आहे. माझ्या आधी सोतोमोराचे ड्यूक माझ्या जागी होते. एकदा जेवताना ते म्हणाले की गुडघे धरतात, गावाकडच्या हवेत बरं वाटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पत्र गेलं, की तुम्ही आम्हाला वारंवार विनंती केलीत, आम्ही जड अंतःकरणानं ती मान्य करतो. म्हातारा ते पत्र धरून जिन्यात बसला होता. ते पत्र कुणी लिहिलं हे विचारू नकोस. माझं अक्षर चांगलं आहे, तुला माहितीय.

म्हणून 'रजा' हा शब्द माझ्या तोंडून निघणं शक्य नाही. दोन गिलेन म्हणून एक तरुण सरदार हल्ली महाराजांच्या अवतीभवती घोटाळतो. गातो छान. मी तोंड उघडायचीच तो वाट बघतोय.

माता तोमासांना अजून थोडं थांबव. तुझ्यात ती कला आहे. मी काहीतरी वाट काढतो. तुझ्या पायांना हात लावतो, आणि तुझी माया आहे तशीच राहील या भरवशावर पत्र संपवतो.

तुझा,
फाद्रिके

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

फुएन्तेरुबिया
सान मार्तिनच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर

चि. फाद्रिकेस, ताईचे अ. उ. आ.

काल डुक्कर कापलं. चांगलं माजलेलं होतं, ओकच्या बिया खाऊन खाऊन त्याला चालता येईना. सगळा गाव अंगणात होता. आतड्यांत मसाल्याचं मांस भरून चोरीस करताना बायकांनी तुझ्या नावानं गाणी म्हटली, ती लिहिण्यासारखी नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना वाढलं आणि तुझं ताटही मांडलं. मग मला माझाच राग आला आणि ते ताट मी कुत्र्यांना घातलं.

माता तोमासा परवा स्वतः डोलीतून आल्या. त्यांनी शेवटचं सांगितलं. कांदेलारियाच्या दिवशी, म्हणजे दोन फेब्रुवारीला, दार उघडेल. त्या दिवशी आले तर ठीक, नाहीतर माझी जागा कासेरेसच्या एका विधवेला देतील. मी हो म्हटलंय. या खेपेला मोडणार नाही.

पण तू काळजी करू नकोस, कारण मी वाट काढलीय! तुझं पत्र मी नीट वाचलं. रजा तुला मागता येत नाही ना? बरं. मग मी मागितली. तुझ्या तोंडून शब्द निघायला नको, माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय? सगळ्या संतांच्या सणानंतर मी राणीसाहेबांना सरळ पत्र लिहिलं. सोबत बिहीच्या वड्यांचे डबे, खेचरवाल्याबरोबर. बाई माणसाला बाई माणसाचं कळतं. मी लिहिलं की माझा भाऊ फार थकलाय, त्याला घरची ओढ लागलीय, महाराजांवरच्या भक्तीमुळं संकोचानं बोलत नाही, तर आपणच महाराजांच्या कानावर घालावं. कसं लिहिलंय? क्रिस्पिनला वाचून दाखवलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढा मोठा मुत्सद्दी तू, पण तुला हे सुचलं नाही. शेवटी ताईलाच अक्कल चालवावी लागते. मी तुझी खोली उघडून धुरी देववली. गादीत नवी लोकर भरतेय.

आता 'लवकरच' असं लिहू नकोस, तारीख लिही. वाटेत घाटात थंडी असेल, छातीला लोकरीचं बांध. तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या ताईचा लोभ तुला ठाऊकच आहे.

तुझी,
ब्रियांदाताई

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

मद्रिद
२३ नोव्हेंबर

ती. श्रीमती ताईस, फाद्रिकेचे सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तुझे डबे एकाच दिवशी पोचले. पत्र माझ्याकडे आलं, डबे राणीसाहेबांकडे गेले. मी पत्र वाचून उठेपर्यंत तिकडं वडी कापली गेली होती.

अगं ताई, काय करून बसलीस! तुला वाटलं की मागणारं तोंड बदललं म्हणजे झालं. इथं सगळेजण असंच करतात गं. ज्याला मानानं जायचं असतं, तो स्वतः कधीच बोलत नाही, घरच्या बाईकडून राणीसाहेबांना पत्र लिहवून घेतो. सोतोमोराच्या ड्यूकना तेवढंही सुचलं नाही, म्हणून त्यांचं हसं झालं. तुझं पत्र राणीसाहेबांनी जेवणाच्या मेजावर मोठ्यानं वाचलं. तुझ्या लिहिण्याचं कौतुक केलं. मेजावरच्या प्रत्येकानं मान हलवली आणि प्रत्येकाला वाटलं की फाद्रिकेनं रीतसर पाऊल उचललं. दोन गिलेन तर उठून माझ्याजवळ आला आणि मला म्हणाला की आपला त्याग थोर आहे. त्याला तिथंच उचलून आपटावासा वाटला.

मी महाराजांना सांगायला गेलो की ही माझ्या ताईची भाबडी हौस आहे, माझी इच्छा नाही. पण हे सांगायचं कसं? राणीसाहेबांनी भरल्या मेजावर वाचलेलं खोटं ठरवायचं? मी तोंड उघडलं, आणि या खेपेला मीच अडखळलो. महाराज थांबले, माझं वाक्य पुरं होण्याची वाट बघत. ते पुरं झालंच नाही. मग त्यांनी एक संत्रं घेतलं, स्वतःच्या हातानं सोललं आणि अर्धं मला दिलं. इतकी वर्षं मी त्यांना संत्री सोलून देत आलोय. मला तेव्हाच कळलं.

कदाचित माझा भ्रम असेल. अजून काही पत्र आलेलं नाही. तू मात्र आता कुणाला काही लिहू नकोस, पाया पडतो तुझ्या. वडी चांगली झाली होती म्हणे. मला एक तुकडाही मिळाला नाही.

रागात लिहितोय, तरी नमस्कार आहेच.

फाद्रिके

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

फुएन्तेरुबिया
सान्ता लुसिया, १३ डिसेंबर

चि. फाद्रिकेस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मला संताप आला. म्हटलं, हे कसलं मेलं घर, जिथं बहिणीनं भावाला बोलावलं की भावाची नोकरी जाते! तो राजा आहे की कोण आहे? एक हिवाळा माणूस सोडता येत नाही? मी दिवसभर भांडी आपटली. स्वयंपाकघरात कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहिलं नाही.

आज सकाळी दार उघडलं आणि अंगणात कुणी नव्हतं. कालपर्यंत पंधरावीस माणसं असायची. आज एक नाही. तो बुटकाही नाही. मला वाटलं, पाऊस असेल, पण ऊन लख्ख पडलेलं. क्रिस्पिन नाक्यावर जाऊन आला. मद्रिदकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांनी काही सांगितलंय म्हणे. काय ते तो मला सांगेना, नुसता टोपी फिरवत उभा राहिला. तेव्हा मी ओट्यावर बसले आणि खूप रडले.

फाद्रिके, मला तुझं काही घ्यायचं नव्हतं रे. मला तू हवा होतास, बाकी सगळं तुझं तुला ठेवून. ते दोन्ही मिळत नाही हे मला कुणी सांगितलंच नाही, किंवा तू सांगितलंस आणि मी ओढीनं आंधळी होऊन माझ्या सोयीचं तेवढं वाचलं. आई असती तर तिनं माझं थोबाड फोडलं असतं.

काही करता येण्यासारखं असेल तर कळव. मी मद्रिदला येऊन राणीसाहेबांसमोर उभी राहीन, म्हणेन की ही म्हातारी खुळी आहे, तिनं मनचंच लिहिलं. मठ गेला खड्ड्यात. माझ्यावरची माया आटली असेल तर आटू दे, पण दोन ओळी लिही.

ताई

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

तालावेराच्या अलीकडची धर्मशाळा
तीन राजांच्या सणानंतर, ९ जानेवारी

ती. श्रीमती ताईस, कृ. सा. न. वि. वि.

ही दोन पानं घोड्यावरून माणूस पुढे घेऊन येतोय. मी मागून गाडीनं येतो आहे. घाटात बर्फ आहे, तेवढा उतरला की आठवडाभरात घरी.

पत्र आलं. 'तुम्ही आम्हाला वारंवार विनंती केलीत.' तेच शब्द. मसुदा माझाच होता, नाव बदललं होतं. फक्त अक्षर वाईट, गिलेनचं असावं. वाचताना दोन ठिकाणी माझा हात आपसूक दुरुस्तीसाठी कलमाकडे गेला.

कमरेची सोन्याची किल्ली काढून दिली. ज्या दारानं मी रोज न विचारता आत जायचो त्याची ती किल्ली. महाराजांनी ती घेतली, आणि काहीतरी बोलायला लागले. शब्द अडकला. मी नेहमीसारखा थांबलो. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या गिलेननं त्यांचं वाक्य पुरं करून टाकलं, की महाराज म्हणतात, प्रवास सुखाचा होवो. महाराजांना ते म्हणायचं नव्हतं ताई. मी त्यांना ओळखतो. त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते काय होतं हे मला आता कधीच कळणार नाही. मला पदाचं, दालनाचं काही वाटत नाही. ते एक वाक्य मात्र मला छळतंय.

शहराच्या वेशीबाहेर पडलो तेव्हा क्षणभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. गाडीवानाला गाणं म्हणायला सांगितलं. पहिल्या मुक्कामाला पोचेपर्यंत ते टिकलं. मुक्कामाला उतरलो आणि जेवायला बसलो, तर मागे उभं राहून कुणी अर्ज देईना, आणि माझी भूकच गेली.

तुझ्यावर रागावलो होतो. अजून थोडा आहे. पण तू मठ खड्ड्यात गेला असं लिहिलंस ते वाचून धर्मशाळेच्या मालकासमोर हसू आलं. कांदेलारियाला तुझा हात धरून मीच नेईन. इतकं सगळं गेलं त्या एका हातासाठी, आता तो तरी नीट देऊ. खोलीतली गादी तयार ठेव. तुझी माया आटली नसणार, ती मला इथवर जाणवते.

तुझा,
फाद्रिके

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

मठ, फुएन्तेरुबिया
उपवासाचा काळ, ११ मार्च

चि. फाद्रिकेस, ताईचे अ. उ. आ.

ईस्टर होईपर्यंत जाळीआडूनही कुणाशी बोलायची परवानगी नाही, पण माता तोमासांनी एक पत्र लिहू दिलंय. हे मी घरी क्रिस्पिनकडे पाठवतेय. तो तुला मद्रिदला पोचतं करील. तू एव्हाना तिथं रुजू झाला असशील.

आधी हे सांगते की मी बरी आहे. इथं थंडी फार, सूप पातळ, आणि माझ्या शेजारच्या बहिणी घोरतात. मला भाजीच्या वाफ्याचं काम दिलंय. घराची मालकीण आता कांदे खुरपते, आणि कांद्यांना टोमणे मारता येत नाहीत.

आता त्या दिवसाचं. तुला त्याची टोचणी लागली असेल, म्हणून लिहितेय.

तू घरी होतास ते दिवस मी सोन्यासारखे जपलेत. तू माझ्याबरोबर पत्ते खेळलास, मुद्दाम हरलास, आणि ते मला कळू नये म्हणून खोटं चिडलास. लसूण चोळलेला पाव खाल्लास आणि हाच तो, असं म्हणालास. पण फाद्रिके, मी तुझी बहीण आहे. जेवताना तुझं तोंड रस्त्याच्या बाजूला असायचं. कुणी घोडा दौडवत गेलं की तुझा घास हातात राहायचा. मी तुला पोटभर बघायचं म्हणत होते ना, ते बघितलं, आणि दिसलं ते हे.

कांदेलारियाला आपण मेणबत्त्या घेऊन निघालो. सगळा गाव मागे. तू माझा हात असा घट्ट धरला होतास की माझी अंगठी रुतत होती. मठाचं दार उघडलं. माता तोमासांनी हात पुढं केला. आणि खाली रस्त्यावर शिंग वाजलं. राजाच्या जासुदाचं शिंग, मलासुद्धा ओळखू आलं. तू माझा हात सोडलास. मी वळून बघितलं तर तू उतारावरून धावत होतास, चिखलातून, टोपी पडली तिची शुद्ध नाही, या वयात! लोक कुजबुजले. माता तोमासांचा चेहरा मी सांगत नाही. क्रिस्पिन बिचारा पुढं झाला, पण मी मान हलवली, आणि उरलेली पावलं एकटी चालून माझा हात मीच त्यांच्या हातात दिला.

वाईट वाटलं? हो, वाटलं. खोटं कशाला बोलू. पण तू धावताना उताराच्या वळणावर मला तुझं तोंड दिसलं होतं रे. इतके दिवस घरात बसून जे मला दिसलं नाही ते तेव्हा दिसलं. तू लहानपणी जत्रेला जाताना असाच धावायचास. मला वाटलं, देवा, मी याचं काढून घेतलं होतं, तू परत दिलंस. दार लागलं तेव्हा मी रडत नव्हते. महाराजांना माझा फाद्रिके परत हवाय, एवढंच मनात होतं, आणि तेवढ्यावर मला इथं शांत झोप लागते.

तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी काय लिहिलं होतं तेवढं मात्र कळव. ते अडकलेलं वाक्य त्यात होतं का? मला फार उत्सुकता आहे. महाराजांना जप, गिलेनला दूर ठेव, आणि पाय मिठाच्या पाण्यात बुडवत जा. दिसणार नसले तरी ताई आहे, तिला विसरू नकोस.

तुझी,
ब्रियांदाताई
(इथं मला बहीण मरिया दे ला क्रूस म्हणतात. मी अजून हाकेला ओ द्यायला चुकते.)

---

।। येशू, मरिया, जोसेफ ।।

फुएन्तेरुबिया
१३ मार्च

ती. ताईस, फाद्रिकेचे कृ. सा. न. वि. वि.

क्रिस्पिननं तुझं पत्र मद्रिदला पाठवलं नाही. अंगण ओलांडून माझ्या हातात दिलं. मी इथंच आहे. माझ्या खिडकीतून तुमच्या मठाची भिंत दिसते, आणि भाजीचे वाफे भिंतीच्या आत आहेत म्हणून ते दिसत नाहीत.

तुला शांत झोप लागते असं तू लिहिलंस. मी दोन दिवस विचार केला की तुला खोटंच कळवावं, महाराजांनी बोलावलंय, निघतोच आहे असं. ती कला मला येते, त्याचीच भाकर खाल्ली इतकी वर्षं. पण तू विचारलंस, आणि तुझ्याशी खोटं बोलायचं म्हटलं की माझे कान लाल होतात, जाळीआडूनही तुला ते कळेल.

महाराजांची एक म्हातारी शिकारी कुत्री आहे. तिचे कान चिघळतात. मी तिला एक मलम करून लावायचो, डुकराची चरबी, मेण आणि रोझमेरीचं. जासुदानं आणलेल्या पत्रात महाराजांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की ते मलम इथं कुणालाच जमत नाही, कुत्री फार विव्हळते, तरी कृती कळवावी. बस. मी चिखलात उभा राहून ते वाचलं. कागद उलटून पाहिला, मागे काही असेल म्हणून. मागे कोरं होतं. जासुदाला विचारलं की तोंडी काही निरोप आहे का. तो म्हणाला, नाही सरकार, आणि घोड्याला पाणी मागितलं.

मी वर बघितलं तेव्हा दार लागलेलं होतं. मी चढून आलो, दार वाजवलं. आतून एका बाईनं सांगितलं की विधी झाला, आता ईस्टरनंतर या. लोक माझ्याकडे बघत नव्हते, आपापल्या मेणबत्त्या विझवत होते. क्रिस्पिननं माझी टोपी आणून दिली.

घरी आलो आणि त्याच दिवशी कृती लिहून धाडली. चार पानं भरली, ताई. चरबी कशी वितळवायची, मेण कधी घालायचं, कुत्रीला मांडीवर कसं घ्यायचं, कानात बोट घालताना तिच्याशी काय बोलायचं. शेवटी लिहिलं की सेवक आज्ञेची वाट पाहत आहे. उत्तर आलेलं नाही. येणार नाही, हे मला कळतं. तरीही रस्त्यावर कुणी शिंग फुंकलं तर मी पुन्हा उठून धावेन, हेही मला कळतं, आणि त्याची मला लाज वाटते.

एका कुत्रीच्या मलमासाठी मी तुझा हात सोडला.

ईस्टरनंतर जाळीपाशी येईन. तू काही बोलली नाहीस तरी चालेल, मी बसून राहीन. ताई, लोभ आहे तो तसाच असू दे असं लिहिण्याची रीत आहे. मला ते लिहायचं तोंड उरलेलं नाही. तरी लिहितो.

तुझा,
फाद्रिके